नानांसाठी आणलेली लाकडं

आमच्या बैठकीच्या खोलीत, भिंतीत, एक भगदाड आहे आणि ते मुद्दाम बांधलेलं आहे.

ताराबाई पार्कातलं आमचं घर जुनं. संस्थानाच्या काळात कुणा गोऱ्या साहेबासाठी बांधलेला छोटा बंगला, त्यातला अर्धा भाग आमच्याकडे. त्या साहेबाला कोल्हापुरात थंडी वाजायची म्हणे! (ज्या गावात जानेवारीतही दुपारचं डोक्यावर टॉवेल टाकून हिंडावं लागतं, तिथं!) म्हणून त्यानं भिंतीत लाकडं जाळायची सोय करून घेतली, छपरातून वर धुराडं काढलं आणि मग देश सोडून निघून गेला. भगदाड राहिलं आम्हाला. राहायला आलो तेव्हा आम्ही त्यात चपला ठेवायचो. मग इस्त्रीचे कपडे. मग सुरेखाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, लक्षात आलं की ही आयती मखराची कमान आहे. तेव्हापासून दर भाद्रपदात आमचा गणपती त्यात बसतो. आरतीला आलेले लोक विचारतात, मखर कुठनं आणलं? आम्ही सांगतो, विलायती आहे.

त्यात खरोखर जाळ करावा असं आमच्या कधी मनातही आलं नव्हतं. आलं ते नानांमुळे.

नाना म्हणजे माझे वडील. सगळा जन्म कोडोलीत शेतीभाती आणि जनावरांत गेला. आई गेली आणि मी त्यांना इकडे घेऊन आलो. "बघू दिवाळीपतुर," म्हणून ते आले. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि नानांनी एक पिशवी भरून दाराशी ठेवली. त्यात दोन धोतरं, एक टोपी आणि अडकित्ता. रोज सकाळी उठले की ते त्या पिशवीशेजारी येऊन बसायचे आणि मला एस्टीत बसवून दे म्हणायचे. तक्रार आमच्याबद्दल नव्हती. सुरेखाच्या भाकरीचं ते चारचौघांत कौतुक करायचे. त्यांची तक्रार एवढीच की इथं ते चारचौघे नाहीत! कोडोलीत थंडीच्या दिवसांत देवळासमोर पहाटे शेकोटी पेटते. म्हातारे तिच्याभोवती बसतात आणि सूर्य वर येईपर्यंत साऱ्या गावाचा निकाल लावून मोकळे होतात. इथं नाना सकाळी उठून कुणाचा निकाल लावणार? इथली दारं आठ वाजेपर्यंत उघडत नाहीत, आणि उघडली की माणसं गाडीला किक मारून पसार.

"हितं शेकाय जाळ न्हाय आन् बोलाय माणूस न्हाय," नाना म्हणायचे. "मी काय कपाटात ठेवायची वस्तू हाय व्हय?"

मला त्यांचं पटत होतं, पण पाठवायचा धीर होत नव्हता. कोडोलीच्या घरात आता कुणीच नाही. मागे एकदा ते गोठ्यात पाय घसरून पडले आणि दूध न्यायला माणूस येईपर्यंत तसेच पडून राहिले. खरं सांगायचं तर मला माझे वडील माझ्याजवळ हवे होते, आणि ते कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. आमच्या घराण्यात असलं बोलायची पद्धत नाही. मी आपला म्हणायचो, "एस्टीचा संप आहे." असे किती संप मी त्या महिन्यात घडवून आणले, ते महामंडळालाही माहीत नाही.

शेवटी नानांनी निर्वाणीचं सांगितलं. येत्या रविवारी एस्टी असो नसो, ते जाणार. चालत जाणार!

त्या रात्री जेवताना माझी नजर भगदाडावर गेली. शेकोटीच हवी ना? मग घरात शेकोटी आहे की! आणि आग म्हणजे तर माझा प्रांत. मी साखर कारखान्यात बॉयलरवर आहे. आमच्या भट्टीत उसाचा चोथा असा काही जळतो की बघणाऱ्यानं हात जोडावेत. नव्यानं आलेल्या पोरांना मी दर हंगामाला ज्वलनावर व्याख्यान देतो. हवा, इंधन आणि उष्णता, या तिन्हींचा मेळ बसला की आग आपली नोकर. पोरं वहीत लिहून घेतात.

हे सगळं मी सुरेखाला ऐकवलं. तिनं शांतपणे ताटं उचलली आणि म्हणाली, "तुम्हाला लायटरनं गॅस पेटवता येत न्हाई."

ते खरं आहे, पण तो लायटरचा दोष आहे.

सकाळी मी नानांना भगदाडापुढं नेलं. ते उकिडवे बसले, आत हात घातला, वर डोकावून बघितलं.

"भिंतीत जाळ करायचा. आन् धूर?"

"धूर वर जातो, नाना."

"कुणी सांगितलंय त्येला?"

मी त्यांना गरम हवा हलकी कशी असते ते समजावलं. नाना बराच वेळ ऐकत राहिले आणि मग उठून पिशवीची गाठ नीट बसली आहे ना, ते बघून आले.

पुढची अडचण सुरेखानं काढली. ही शेकोटी आहे की चूल? शेकोटी असेल तर ती घरात पेटवत नाहीत, घराबाहेर पेटवतात. आणि गणपती बसतो त्या जागेवर जाळ करायचा, तर ती चूलच धरायला हवी. आणि नवी चूल पेटवायची तर पूजा हवी, नारळ हवा, तिच्यावर पहिलं दूध उतू घालवायला हवं. मी म्हटलं, अगं, इंग्रजाच्या भगदाडाला कसली पूजा? पण नाना सुनेच्या बाजूनं गेले. चूल ती चूल. आणि एकदा चूल ठरल्यावर तिच्याकडे पाय करून बसायचं नाही, हेही ठरलं. आता ही सोय साहेबानं मुळात पाय शेकायलाच केलेली! खुर्चीत बसायचं आणि जाळाकडे पाय लांब करायचे, हाच तिचा उपयोग. मी तसं सांगितल्यावर नाना म्हणाले, "म्हणून तर राज्य गेलं त्येंचं."

माझी सुट्टी गुरुवारी असते; त्या सकाळी मी लाकडाच्या वखारीत गेलो. मालक म्हातारा, डोळ्यांवर जाड चष्मा, हातावर तंबाखू मळत बसलेला. मी म्हटलं, चांगली वाळलेली लाकडं द्या आणि सोबत शेणी पण द्या. शेणी म्हणजे शेणाच्या गोवऱ्या. कोडोलीच्या शेकोटीला शेणीचा वास असतो, तो नानांना मिळावा अशी माझी हौस. मालक म्हणाला, बरंच लागतंय की, कशाला? मी म्हटलं, वडलांसाठी.

त्यानं हातातली तंबाखू टाकून दिली.

मग तो स्वतः उठला. हमालाला बाजूला सारून एकेक लाकूड वाजवून बघत त्यानं बाभळीचे ओंडके निवडले. वय काय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, ऐंशीच्या वर. त्यानं वर आभाळाकडे बघून हात जोडले. भाव करायला मी तोंड उघडलं तर म्हणाला, राहू दे, नंतर बघू, आज असलं काही बोलू नका. निघताना त्यानं कागदात गुंडाळलेला चंदनाचा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, हा माझ्याकडनं. माझा ऊर भरून आला. म्हाताऱ्या माणसांबद्दल आपल्या कोल्हापुरात किती आदर आहे! चंदनाचं काय करायचं ते मला कळेना, पण म्हटलं, जाळात टाकू, वास येईल.

टेम्पोवाल्यानंही कमाल केली. गाणं बंद, हॉर्न बंद. गाडी अशी हळू चालवली की शेजारून बायका भाजी घेऊन पुढं गेल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिकलगार चाचांचं सायकलचं दुकान आहे. चाचा चाकात हवा भरत होते. त्यांनी टेम्पोतली लाकडं बघितली, शेणी बघितल्या, मग पुढं बसलेल्या मला बघितलं. पंप त्यांच्या हातातच राहिला. मी त्यांना हात केला. छान हसलोसुद्धा. आरशात पाहिलं तर ते दुकानाचं शटर निम्म्यावर ओढत होते. मला वाटलं, जेवायला निघाले असतील.

आता तुमच्या सगळं ध्यानात आलं असेल. घरोघरी गॅस आहे. अशा दिवसांत लाकडं आणि शेणी एकाच टेम्पोतून एखाद्या दारात उतरल्या, आणि त्या दारात ऐंशीच्या पुढचा म्हातारा असला, की गल्ली काही विचारत बसत नाही. टोपी शोधायला लागते. हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही. माझ्या डोक्यात हवा, इंधन आणि उष्णता होती.

घरी सुरेखानं तयारी करून ठेवली होती. भगदाडाला हळदीकुंकू लावलं, नारळ ठेवला, तीन विटा मांडून त्यांवर दुधाचं पातेलं चढवलं. मी शास्त्रोक्त रचना केली. खाली शेणी, मध्ये बारीक ढलप्या, वर ओंडके, हवेला वाट. आरतीतला कापूर घातला आणि काडी लावली.

आणि पेटलं की! एकदम सुरेख पेटलं. नाना पुढं सरकले, उकिडवे बसून त्यांनी दोन्ही तळवे जाळापुढं धरले. त्यांच्या तोंडावर तांबूस उजेड पडला. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं निवांत बघितलं नव्हतं. मी सुरेखाकडे बघितलं. तीही हसत होती. मी मनातल्या मनात म्हटलं, पिशवी सोडा आता नाना.

तेवढ्यात दूध उतू गेलं.

सुरेखा म्हणाली, पूर्वेला गेलं, चांगला शकुन. शकुन चांगलाच होता, पण तो सगळा शेणींवर पडला. चर्रर्र झालं आणि धूर उठला. धुरानं एकदा वर जाऊन बघितलं, मग विचार बदलला आणि तो खोलीत आला. थोडाथोडका नाही, बिऱ्हाडासकट आला. आमच्या कारखान्यात धूर आपोआप जातो. म्हणजे त्यासाठी एक अवाढव्य पंखा असतो आणि त्या पंख्यासाठी वेगळा माणूस असतो, त्यामुळे धूर हा विषय मी व्याख्यानात कधी घेतलाच नव्हता. घरातला पंखा तेवढा आठवला, तो मी लावला. त्यानं धूर स्वयंपाकघरात, देवघरात आणि शेजाऱ्यांच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर असा सगळीकडे सारखा वाटून दिला.

नानांना ठसका लागला. त्यांना मी हाताला धरून बाहेर सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत नेलं, खाटेवर निजवलं. डोळ्यांत धूर जाऊ नये म्हणून त्यांनी पिशवीतलं धुतलेलं पांढरं धोतर काढलं, डोक्यापासून पायापर्यंत ओढून घेतलं आणि त्यांच्या सवयीप्रमाणे लगेच झोपी गेले.

मी आत येऊन फुंकायला लागलो. फुंकणी घरात नव्हती, म्हणून नळाच्या पाइपचा तुकडा घेतला. मी फुंकलं की धूर मागं जायचा, मी श्वास घेतला की तो माझ्यात यायचा. मी लाकडांना दोष दिला. मग शेणींना दिला. मग त्या गोऱ्या साहेबाला दिला. डोळे पुसत पुसत सुरेखा एकदम म्हणाली, "अहो, पोती!"

मला आठवलं. एका साली गणपतीत पाऊस असा झोडपला की धुराड्यातून थेंब गळून बाप्पाच्या मुकुटावर पडायला लागले. ऐन आरतीत बाप्पाचा रंग ओघळतोय म्हटल्यावर मी छपरावर चढलो आणि साखरेची दोन रिकामी पोती धुराड्यात कोंबून आलो. बाप्पा कोरडा राहिला. पोती तिथंच राहिली. गळती बंद झाल्यावर ती काढायची असतात हे कुणाच्या लक्षात राहतं?

मागच्या अंगणात घोसाळ्याच्या मांडवाचा वेळू होता. तो मी भगदाडातून वर घातला आणि जोर करून ढोसलं. आधी काजळी आली. मग कबुतरांची घरटी आली, बहुधा दोनतीन पिढ्यांची. आणि मग ती दोन्ही पोती थेट दुधाच्या पातेल्यावर येऊन बसली, आणि बसल्या बसल्या पेटली. सुरेखानं बादली उचलली आणि ओतली. अर्धं पाणी जाळावर पडलं. उरलेलं, आणि खरं तर जास्तीचं, माझ्यावर पडलं. सदरा भिजून काळा चिकट झाला, तो मी काढून टाकला. लुंगीचीही तीच गत, म्हणून कमरेला टॉवेल गुंडाळला. पण धगधगते निखारे आणि पोत्याचे जळके तुकडे फरशीवर पसरले होते, ते आधी बाहेर न्यायला हवे होते. कशात न्यायचे? घमेल्यात सुरेखानं गुलाब लावलेला. शेवटी कोपऱ्यात गळका माठ होता, त्यात मी चिमट्यानं ते सगळं भरलं, माठ फडक्यानं धरला आणि पुढच्या दारानं बाहेर पडलो.

बाहेर गल्ली उभी होती.

शांत उभी होती. पुरुषांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. बायका कुंपणाशी, पदर तोंडाला लावून. शिकलगार चाचा सगळ्यांच्या पुढं, हात बांधून. आता त्यांनी काय बघितलं ते ऐका. अंगणात लाकडं आणि शेणी उतरवलेल्या. वर कागदातला चंदनाचा तुकडा. सोप्यात खाटेवर नाना, नखशिखांत पांढऱ्या धोतरात, हालचाल नाही. दारातून मी येतोय, उघडाबंब, ओला, टॉवेल नेसलेला, हातात धुमसणारं मडकं. माझ्यामागं सुरेखा, डोळ्यांना धारा लागलेल्या, हातात हळदीकुंकवाचं ताट आणि नारळ. (ताट काजळीत खराब होऊ नये म्हणून तिनं उचललं होतं.) यातली एखादी गोष्ट कमी असती, तरी कुणीतरी दोन शब्द विचारले असते.

माने वहिनींनी हुंदका दिला. या आमच्या समोरच्या घरातल्या. चाचा पुढं आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सबर कर बाबा. आपल्या हातात काय न्हाई."

मला वाटलं, घरातला धूर बघून समजूत घालतायत. मी म्हटलं, "काही नाही हो चाचा, आता होईल मोकळं. पोती अडकली होती."

चाचांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की काय सांगू. नंतर मला म्हणाले, मी समजलो, पोरगं हबकलंय, टेम्पोत पण हसत होतं.

आणि तेवढ्यात धोतराखालून आवाज आला, "सूनबाई, च्या झाला काय गं?"

माने वहिनी किंचाळल्या. चाचा मागच्या मागं लाकडांवर बसले. नानांनी तोंडावरचं धोतर काढलं, उठून बसले आणि समोर बघितलं. एवढ्या टोप्या बघून त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"कोण गेलं रं?"

सगळे एकमेकांच्या चपलांकडे बघायला लागले. नानांना वाटलं, लोक बोलायच्या परिस्थितीत नाहीत. मयतीला न जाणं त्यांच्या रक्तातच नाही. त्यांनी हात लांब करून पिशवी ओढली, आतली टोपी काढून डोक्यावर घातली, खाटेवरून खाली उतरले आणि म्हणाले, थांबा, मीबी येतो, शेजारधर्म हाय.

शेवटी चाचांनाच राहवलं नाही. "नाना," ते म्हणाले, "तुम्हीच गेलता."

नानांनी जरा विचार केला. "कवा?"

"सकाळी. लाकडं आली की ह्या टेम्पोतनं."

नाना लाकडांपाशी गेले. एक ओंडका उचलून वाजवून बघितला. शेणी दाबून बघितल्या. चंदनाचा तुकडा नाकाला लावला. मग त्यांनी माझ्याकडे वळून टॉवेलपासून मडक्यापर्यंत मला एकदा नीट न्याहाळलं. त्या क्षणी मलाही सगळं कळलं होतं, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. नाना म्हणाले, "बाभळ हाय. चांगलं निवडलंयस," आणि खो खो हसत सुटले. एवढे हसले की पुन्हा ठसका लागला आणि अर्धी गल्ली घाबरून पुढं धावली.

इथं संपायला हवं होतं. पण माने वहिनींकडे हळदीकुंकवाच्या ओळखीतून माझ्या आत्याचा नंबर होता, आणि त्यांनी तो सकाळीच लावला होता. आत्या म्हणजे नानांची धाकटी बहीण, हातकणंगल्याला दिलेली. रिक्षा थांबली आणि फाटकापासूनच तिनं गळा काढला. पदर डोळ्यांवर ओढलेला, त्यामुळे समोरचं काही दिसत नव्हतं. आमच्याकडच्या जुन्या बायका नुसत्या रडत नाहीत, गेलेल्या माणसाचे गुण सांगत सांगत रडतात. आत्यानं दादाचे गुण सांगायला सुरुवात केली. मी तिला थांबवायला पुढं झालो, तर नानांनी मला मागं ओढलं आणि बोट ओठावर ठेवलं. त्यांना ऐकायचं होतं! दादानं तिला कसं खांद्यावरून जोतिबाला नेलं, दुष्काळात स्वतः उपाशी राहून तिला कसं जेवू घातलं, लग्नात म्हैस कशी दिली. नाना मान खाली घालून भक्तिभावानं ऐकत होते. म्हशीपाशी मात्र त्यांना राहवलं नाही.

"म्हस न्हवं गं. गाय दिल्ती."

आत्यानं पदर वर केला. दादा टोपी घालून समोर उभा. ती तिथंच मटकन बसली आणि मग त्याच्या पायाला हात लावून खरोखर रडली. मग उठली आणि मला म्हणाली, "मुडद्या, भाकरी तव्यावर टाकून पळत आले मी."

आता आलेल्या माणसांना तसंच कसं परत पाठवायचं? माने वहिनींना शंका होती की आंघोळ करायला लागेल का. नानांनी निर्णय दिला, हातपाय धुवा आणि चहा घ्या. माझ्या मडक्यातले निखारे त्यांनी अंगणात ओतायला लावले, वर चार शेणी उभ्या केल्या, दोन लाकडं ठेवली, आणि जाळ झाला. लोक भोवती बसले. मयतीला आलेला माणूस घाईत नसतो, दिवस त्यानं मोकळाच ठेवलेला असतो. नानांनी एकेकाला गाव विचारायला सुरुवात केली. चाचांची सासरवाडी निघाली कोडोली! दोघं इतके दिवस एकाच गल्लीत राहत होते आणि एकमेकांना नुसता हात दाखवत होते. त्यांच्या सासऱ्याच्या विहिरीचं भांडण नानांनी स्वतः मिटवलेलं निघालं. ते ऐकायला टोप्या आणखी जवळ सरकल्या. चहा तीनदा झाला. मला कुणीतरी सदरा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर अंगणात धूर. मी बादली घेऊन धावलो. बघतो तर नाना, चाचा आणि माने वहिनींचे सासरे शेकोटी करून बसले होते आणि पाणीपट्टीचा निकाल लावत होते.

रविवार आला. मी मनाची तयारी केली. गाडीची किल्ली घेतली आणि अंगणात जाऊन नानांना म्हटलं, चला, सोडतो कोडोलीला, संप बिंप काही नाही, आणि आधीही नव्हता. नानांनी जाळात एक शेणी सरकवली.

"आता जाऊन काय करू? एवढी माणसं माझ्यासाठी रडून गेल्यात. उद्या खरंच मेलो तर त्येंस्नी कोडोलीपतुर हेलपाटा नगो. हितंच बरं हाय."

मला एकदम भरून आलं. मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो आणि एक लाकूड उचलून जाळात घालायला गेलो. नानांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, बाजूला ठेवलं आणि चाचांकडे वळले.

"खरं चाचा, एक सांगून ठेवतो. माझ्या येळंला पेटवताना तुम्ही समदी हेच्या बाजूला उभं ऱ्हावा. बॉयलरवर असतो म्हणं हा. हेच्या एकट्यावर सोडलं, तर मी तीन दिस नुसता धुमसत पडंन."

चाचांनी गंभीरपणे मान हलवली. माने वहिनींच्या सासऱ्यांनीही हलवली. त्या दोघांच्याही आधी दारातून चहा घेऊन येणाऱ्या सुरेखानं हलवली होती.